कॉइलओव्हर लावून गाडी खाली घेताय? या चुका टाळा

रामटेकहून परत येत होतो. गाडीत आम्ही चौघं, डिकीत दोन बॅगा. मनसर ओलांडल्यावर रस्त्यात एक साधा खोलगट पट्टा आला आणि पुढच्या डाव्या चाकातून 'धप्प' असा आवाज आला, स्टिअरिंगही हातात हललं. घरी येऊन चाकाच्या आत टॉर्च मारली तर शॉकअपच्या अंगावर तेल आणि तेलावर चिकटलेली धूळ. कॉइलओव्हरचा, म्हणजे उंची बदलता येणाऱ्या स्प्रिंग-शॉकअपच्या जोडीचा, नवा सेट बसवून तेव्हा चारच महिने झाले होते.

ज्या मिस्त्रीकडे नंतर गाडी नेली त्याने स्ट्रट (पुढच्या चाकाची शॉकअप-स्प्रिंगची जोडणी) उघडला आणि बंप स्टॉपचा, म्हणजे शॉकअप तळाशी आपटू नये म्हणून दांड्यावर असलेल्या रबराचा, उरलेला तुकडा माझ्या हातात ठेवला. बसवणाऱ्याने तो अर्ध्याहून जास्त कापला होता. मिस्त्री म्हणाला, "भाऊ, शॉकअप काही खराब नाही निघाला. याले खाली जायले जागाच नव्हती ठेवली."

त्या एका वाक्यानंतर मी गाडी खाली घेण्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलो. पुढे जे लिहिलंय ते त्यानंतर स्वतःच्या आणि मित्रांच्या गाड्यांवर टेप धरून मोजत शिकलेलं आहे.

बोटं मोजून उंची ठरवणं

टायर आणि फेंडर यांच्यामध्ये किती बोटं मावतात, यावर गाडीची उंची ठरते. सगळ्यात मोठी आणि सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. ती फट दिसायची गोष्ट आहे. शॉकअपच्या आत किती जागा उरली हे ती सांगत नाही.

चाकाला दोन दिशांनी जागा लागते. उंचवटा आला की चाक वर जातं, ती जागा म्हणजे बंप ट्रॅव्हल. खड्डा आला की चाक खाली लटकतं, ती ड्रूप. शॉकअपची एकूण चाल ठरलेली असते आणि गाडी स्वतःच्या वजनाने त्या चालीत कुठेतरी मध्ये बसते.

आकडे घेऊन बघू. लहान हॅचबॅकच्या पुढच्या एका कोपऱ्यावर, चाक आणि ब्रेक यांचं वजन वगळून, २७५ किलो भार आहे असं धरा. स्प्रिंग ५ किलो प्रति मिलिमीटरची आहे. म्हणजे गाडी जमिनीवर ठेवली की स्प्रिंग ५५ मिमी दबणार. शॉकअपची चाल १३० मिमी असेल तर वरच्या दिशेला ७५ मिमी उरले. त्यात बंप स्टॉप ४० मिमी उंचीचा. मोकळी जागा राहिली ३५ मिमी.

आता "अजून थोडी खाली घे" म्हणून स्प्रिंगची खालची बैठक २५ मिमी उतरवली. मोकळी जागा उरली १० मिमी. ५ किलोच्या स्प्रिंगला १० मिमी दाबायला लागतो जेमतेम ५० किलो जादा भार. शेजारच्या सीटवर माणूस बसला आणि तुम्ही जरा जोरात ब्रेक दाबलात की तेवढा भार पुढच्या चाकावर येतो. म्हणजे खड्डा यायच्या आधीच गाडी बंप स्टॉपवर टेकलेली. मग रस्त्याचा प्रत्येक दणका रबरावर, तिथून स्ट्रटच्या वरच्या माउंटवर, आणि तिथून थेट बॉडीत.

म्हणून उंची ठरवायच्या आधी शॉकअपचा डस्ट कव्हर वर सरकवा आणि गाडी चाकांवर उभी असताना बंप स्टॉपच्या खालच्या कडेपासून शॉकअपच्या तोंडापर्यंत उघडा दिसणारा दांडा मोजा. रोज चालणाऱ्या गाडीत पुढे ३० मिमीपेक्षा कमी मोकळा दांडा मी ठेवत नाही.

उंची चुकीच्या रिंगने बदलणं

कॉइलओव्हर दोन प्रकारचे येतात. स्वस्त सेटमध्ये उंची बदलायला एकच जागा असते, ती स्प्रिंगखालची रिंग. दुसऱ्या प्रकारात शॉकअपची नळी खालच्या ब्रॅकेटमध्ये आट्यांवर बसते, आणि ती आत-बाहेर फिरवून उंची बदलता येते.

फरक मोठा आहे. ब्रॅकेटमधून उंची कमी केली तर शॉकअपची लांबी बदलते, पण दांडा चालीत जिथे बसला होता तिथेच राहतो. वरच्या उदाहरणातले ३५ मिमी तसेच राहतात. रिंग उतरवून उंची कमी केली तर प्रत्येक मिलिमीटर बंप ट्रॅव्हलमधून वजा होतो. दोन्ही सोयी असलेला सेट घेऊनही रिंगच फिरवलेली मी अनेक गाड्यांत पाहिली आहे, कारण हात तिथे आधी पोचतो.

रिंग फार उतरवली की आणखी एक त्रास होतो. गाडी जॅकवर उचलली की स्प्रिंग बैठकीवर सैल पडते, हाताने फिरते. रस्त्यावर चाक लटकलं की ती जागेवरून सरकते आणि परत बसताना 'टक्' असा आवाज देते. अशा वेळी हेल्पर स्प्रिंग लावतात. तिने फक्त मुख्य स्प्रिंग जागेवर राहते, गेलेली बंप ट्रॅव्हल परत मिळत नाही.

आणि प्रीलोडबद्दलचा, म्हणजे रिंग आवळून स्प्रिंग आधीच दाबून ठेवण्याबद्दलचा, गैरसमज. "रिंग आवळली की स्प्रिंग कडक होते" हे गॅरेजमध्ये सर्रास ऐकायला मिळतं. सरळ दराची, म्हणजे कितीही दबली तरी कडकपणा न बदलणारी, स्प्रिंग ५ किलोची असेल तर ती ५ किलोचीच राहते. रिंग १० मिमी वर घेतली की गाडी साधारण तेवढीच वर येते, बंपची जागा १० मिमीने वाढते आणि ड्रूपची तेवढीच कमी होते. ड्रूप फार कमी केली तर चाक खड्ड्यात पुरतं उतरत नाही आणि शॉकअप वरच्या टोकाला आपटतो.

ब्रॅकेटची सोय असली तरी मनाला येईल तेवढं खाली जाता येतं असं नाही. चाक पूर्ण वर गेलं की टायर लायनरला (चाकाच्या कमानीतलं प्लॅस्टिकचं अस्तर) किंवा फेंडरच्या आतल्या कडेला लागतो का, हे बघायलाच हवं. स्प्रिंग काढून नुसता स्ट्रट बसवायचा, जॅकने चाक बंप स्टॉप दबेपर्यंत वर न्यायचं, आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघायचं. तासाभराचं काम आहे, पण बसवताना कुणी करत नाही.

बंप स्टॉप कापणं

माझ्या गाडीत झालं ते हेच. कापणाऱ्याचा विचार असा असतो की रबर लहान केलं की जागा वाढली. कागदावर वाढते. पण बंप स्टॉप ही शेवटची स्प्रिंग आहे. दबत जाते तशी ती कडक होत जाते आणि दांड्याला शॉकअपच्या तळाशी धातूवर धातू आपटू देत नाही. ती काढली की आतल्या व्हॉल्व्हवर आणि सीलवर मार बसतो. सील गेलं की तेल येतं, आणि मग तो शॉकअप फक्त स्प्रिंग धरून ठेवायच्या कामाचा उरतो.

सेट बनवणाऱ्याने छोटा बंप स्टॉप दिला असेल तर तो त्या चालीसाठी दिलेला असतो, तो वापरा. जुन्या शॉकअपमधला काढून कापून घालू नका.

खाली हवी आणि मऊही हवी

मूळ गाडीची पुढची स्प्रिंग २.५ किलोच्या आसपास असली तर २७५ किलोखाली ती ११० मिमी दबते आणि गाडी सेकंदाला साधारण दीड वेळा डुलते. ५ किलोच्या स्प्रिंगवर तोच आकडा दोनच्या वर जातो. म्हणून ती गाडी कडक लागते. जागा कमी झाली की तोच दणका कमी अंतरात थांबवावा लागतो आणि त्यासाठी स्प्रिंग कडक लागते. मूळ शॉकअपवर कापलेल्या किंवा मऊ लोअरिंग स्प्रिंग टाकून "आराम तसाच आहे" म्हणणाऱ्याची गाडी बहुतेक वेळा बंप स्टॉपवर चाललेली असते.

आपटते म्हणून क्लिक वाढवणं

नागपुरात ही चूक फार महाग पडते. गाडी आपटायला लागली की लोक शॉकअपच्या डोक्यावरची नॉब कडककडे फिरवत जातात. बहुतेक एका नॉबच्या सेटमध्ये त्या नॉबने रिबाउंडही वाढतं, म्हणजे दबलेलं चाक परत खाली यायला वेळ लावतं.

आता चौकाच्या आधी जाड पांढऱ्या पट्ट्यांची रांग असते ती आठवा. पहिल्या पट्टीवर चाक वर गेलं. ते परत खाली यायच्या आधी दुसरी पट्टी आली, मग तिसरी. प्रत्येक पट्टीला गाडी थोडी थोडी खाली बसत जाते आणि पाचव्या-सहाव्या पट्टीला बंप स्टॉपवर येते. नॉब कडक केली म्हणून आपटणं वाढलं, आणि मालक ती अजून कडक करतो.

पट्ट्यांची रांग ओलांडताना आवाज शेवटच्या पट्ट्यांवर येत असेल तर नॉब दोन-तीन क्लिक मऊकडे न्या आणि पुन्हा तिथूनच चालवून बघा. एकाच मोठ्या ब्रेकरवर पहिल्याच दणक्याला आपटत असेल तर दोष उंचीत किंवा स्प्रिंगमध्ये आहे, नॉबने तो जाणार नाही.

ब्रेकरबद्दल एक गोष्ट. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमातला गोल ब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, ताशी २५ किलोमीटर वेगासाठी. तो खाली घेतलेली गाडीही नीट पार करते. त्रास होतो वस्तीतल्या आखूड, टोकदार उंचवट्यांचा, आणि सिमेंट रस्त्यावरून जुन्या गल्लीत उतरताना लागणाऱ्या पायरीचा. तिथे ट्रॅव्हलसोबत चेंबरही, म्हणजे इंजिनखालचं तेलाचं भांडंही, सांभाळावं लागतं. माझ्या मते नागपुरात रोज वापरायच्या हॅचबॅकला मूळ उंचीपेक्षा २० ते २५ मिमी खाली पुरे.

एकट्याने बसून उंची लावणं

गॅरेजमध्ये उंची लावताना गाडी रिकामी असते. दिवाळीला त्याच गाडीत पाच जण आणि सामान. मागच्या प्रत्येक चाकावर ७५ किलो वाढले आणि चाकापाशी मोजलेली कडकी ३ किलो प्रति मिलिमीटर असली तर मागचा भाग २५ मिमी बसतो. बहुतेक हॅचबॅकना मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा आडवा बीम) असतो, स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे बसतात, त्यामुळे मागचा शॉकअप आखूड झाल्याशिवाय नुसती स्प्रिंग उतरवण्यात अर्थ नाही. मागची उंची ठरवताना चार माणसं खरोखर बसवा आणि मग मोजा.

समृद्धी महामार्गावर हे जास्त महत्त्वाचं. सपाट काँक्रीटवर भरलेली गाडी बंप स्टॉपवर टेकली तरी लवकर कळत नाही. वेगात असताना, वळणावर पुलाचा सांधा आला की त्या चाकाची कडकी एकदम कितीतरी पटीने वाढते आणि पकड सुटते. अशी गाडी शहरातच बिघडलेली असते, कळतं मात्र तिथे.

हवेत बोल्ट आवळणं

लोअर आर्मचे (चाकाला खालून गाडीशी जोडणारा आडवा हात) आणि टॉर्शन बीमचे रबरी बुश गाडीबरोबर पीळ खातात. गाडी लिफ्टवर, चाकं लटकलेली असताना बोल्ट पूर्ण आवळले तर गाडी खाली ठेवल्यावर बुश कायम पिळलेले राहतात. काही महिन्यांत फाटतात, आणि तोवर उंचीही खोटी दिसते. बोल्ट हाताने लावा, गाडी चाकांवर ठेवा, दोन-चार वेळा दाबून बसू द्या, मग टॉर्क रेंचने आवळा.

अलाइनमेंट त्याच दिवशी करून विषय संपवू नका. टो, म्हणजे वरून बघताना चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन, बदललेला असतो म्हणून लगेच करावीच लागते, पण नव्या स्प्रिंग बसतात, त्यामुळे ३०० ते ५०० किलोमीटरनंतर उंची पुन्हा मोजून परत करा. आतल्या कडेने टायर झिजत असेल तर लोक कॅम्बरला (समोरून दिसणारा चाकाचा कल) दोष देतात, पण टायर फार वेगाने खातो तो चुकलेला टो.

जास्त खाली घेतलेल्या गाडीत लोअर आर्म बाहेरच्या टोकाला वर चढलेला दिसतो. त्याने रोल सेंटर, म्हणजे गाडी वळणावर ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू, गुरुत्वमध्य जितका खाली येतो त्याहून जास्त खाली जातो आणि गाडी वळणावर उलट जास्त कलायला बघते. स्टिअरिंग चाकाला जोडणाऱ्या टाय रॉडचाही कोन बिघडतो, खड्ड्यात स्टिअरिंग स्वतःहून वळतं. आर्म जमिनीला समांतर आहे का हे नुसतं वाकून बघितलं तरी कळतं.

आवाजावरून दोष ओळखताना

बोजड 'धप्प' म्हणजे आपटणं. हळू चालताना छोट्या खड्ड्यांत 'टकटक' येत असेल तर आधी लिंक रॉड बघा, म्हणजे गाडीचं कलणं रोखणाऱ्या अँटीरोल बारला स्ट्रटशी जोडणारी छोटी दांडी. गाडी खाली गेली की मूळ लिंक रॉड लांब पडतो आणि अँटीरोल बार कुठेतरी घासतो किंवा आपटतो. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना 'टुंग' असा आवाज आला तर स्ट्रट माउंटचं बेअरिंग किंवा अडकून सुटणारी स्प्रिंग. लॉक रिंग सैल झाली की आवाज येतोच असं नाही, एका बाजूची उंची मात्र बदलते. म्हणून आट्यांवर मार्करने रेघ मारून ठेवा.

पावसाळ्यात काळी माती आट्यांत बसते आणि वाळली की दगड होते. त्यावर सी-स्पॅनर (रिंग फिरवायचा पाना) लावून जोर केला तर आटे जातात. आधी पाण्याने, मग तारेच्या ब्रशने साफ करा, वंगण लावा, मग फिरवा.

कायद्याचंही थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने दिलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलांशी न जुळणारा बदल चालत नाही. काम करण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

शेवटी ट्रॅव्हल तपासायची सोपी रीत. शॉकअपच्या दांड्यावर एक प्लॅस्टिकची केबल टाय घट्ट, पण सरकेल इतपत बांधा आणि शॉकअपच्या तोंडाशी टेकवून ठेवा. नेहमीच्या रस्त्यांवर, नेहमीच्या माणसांसह आठवडाभर गाडी चालवा. दांडा जितका आत गेला तितकी ती टाय वर सरकलेली दिसेल. बंप स्टॉपला जेमतेम शिवून थांबली असेल तर उंची ठीक आहे. रबरात खोल रुतलेली सापडली तर गाडी ५ मिमी वर घ्या, टाय पुन्हा खाली सरकवा आणि अजून एक आठवडा चालवा. दांडा आत झाकलेला असतो अशा उलट्या मोनोट्यूब शॉकअपमध्ये ही रीत चालत नाही, तिथे स्प्रिंग काढून जॅकनेच मोजावं लागतं.