जिंजर बिअर घरी करताना या चुका टाळा: खानदेशच्या उन्हाळ्यासाठी

सुरुवातीलाच सांगून टाकू. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं हा गुन्हा आहे, १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. म्हणून इथे बोलायचंय ते जिंजर बिअरबद्दल. आलं, साखर आणि लिंबू एक-दोन दिवस आंबवून लगेच थंड केलेलं हे फसफसतं पेय आहे. यातही अल्कोहोलचा अंश उतरतो, पण वेळेत फ्रिजमध्ये गेलं तर तो अगदी थोडा राहतो. लिटरला १०० ग्रॅम साखर घातली आणि ती सगळी आंबू दिली, तर मात्र अल्कोहोल सहा टक्क्यांच्या आसपास जातं. ‘अजून दोन दिवस ठेवू, जरा कडक होईल’ हा विचार डोक्यातून काढूनच सुरुवात करा. लहान मुलांना आणि गरोदर बाईला हे पेय देऊ नका.

चार लिटरचं प्रमाण असं: आलं १५० ग्रॅम, साखर ४०० ग्रॅम, तीन-चार लिंबं आणि गाळलेलं विरजण, म्हणजे आधी वेगळं फसफसवलेलं आल्याचं पाणी, २०० मिली. आलं-साखर पाण्यात उकळायचं, पूर्ण गार झालं की लिंबू आणि विरजण घालून बाटल्या भरायच्या. विरजणासाठी अर्धा लिटर पाण्यात दोन मोठे चमचे किसलेलं आलं आणि दोन चमचे साखर घालायची. मग रोज दोन्ही एकेक चमचा वाढवायचं आणि दिवसातून दोनदा ढवळायचं.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो दिवस मोजण्यात. इंटरनेटवरच्या बहुतेक पाककृती थंड देशांतल्या स्वयंपाकघरांसाठी लिहिलेल्या असतात. विरजण सात दिवस, बाटलीत तीन ते पाच दिवस, हा हिशोब २०-२२ अंशांचा आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या आसपास खेळतो आणि पत्र्याच्या खोलीत रात्रीही उकडतं. तिथे विरजण दोन दिवसांत फसफसतं, बाटली आठ-दहा तासांत वायूने कडक होते. पस्तिशीच्या वर यीस्ट, म्हणजे साखर आंबवणारी सूक्ष्म बुरशी, बिथरतं, चव उग्र होते, आंबटपणा आणणारे जीवाणू पुढे जातात. चाळिशीच्या वर यीस्ट मरायलाच लागतं. म्हणून तारखा पाहू नका, फेस पाहा. ढवळल्यावर वर बुडबुड्यांचा थर येऊन सूंऽ असा आवाज आला की विरजण तयार.

गारव्यासाठी बरणी पाण्याच्या परातीत ठेवा आणि भोवती ओलं गोणपाट गुंडाळा. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा असल्यामुळे हा उपाय लागू पडतो. परातीतलं पाणी सकाळ-संध्याकाळ बदला. कूलरच्या झोतात ठेवलं तर आणखी उत्तम. माळ्यावर मात्र कधीही नको, घरातली सगळ्यात तापणारी जागा तीच.

माळ्यावरून आठवलं, बाटल्यांचं बोलायलाच हवं. जळगावात एका घरी आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास सरबताच्या आणि सॉसच्या रिकाम्या काचेच्या बाटल्या भरून, बुचं घट्ट बसवून माळ्यावर ओळीने लावल्या होत्या. घरचे दोन दिवस लग्नाला गेले. परत आले तर सहापैकी चार बाटल्या फुटलेल्या, काचेचे तुकडे समोरच्या प्लायवूडच्या दारात रुतलेले आणि आंबलेलं गोड पाणी भिंतीवरून ओघळून वाळलेलं. घरात कुणी नव्हतं हे नशीब.

असं का होतं ते नीट समजून घ्या. लिटरमागे साधारण चार ग्रॅम साखर आंबली की पेयाच्या आकारमानाइतका कार्बन डायऑक्साइड तयार होतो. बाजारातल्या सोड्यात तो साडेतीन-चार पट असतो, म्हणजे पंधरा-सोळा ग्रॅम साखर पुरते. तुम्ही घातलेली आहे १०० ग्रॅम! बुच लावल्यावर यीस्ट थांबत नाही. त्यात गरम पाण्यात वायू विरघळून राहत नाही. फ्रिजमधून काढलेली बाटली ४० अंशांत ठेवली तर आतला दाब जवळपास तिप्पट होतो. सरबताची बाटली हा दाब सोसण्यासाठी बनवलेलीच नसते. झाकणाला तार असलेल्या शोभेच्या बाटल्यांचंही तेच, चौकोनी असतील तर आणखी वाईट.

कोल्ड्रिंकची जाड प्लास्टिक बाटली वापरा. मिनरल वॉटरची पातळ बाटली चालत नाही. वर दोन बोटं जागा सोडून भरा, किंचित दाबून हवा काढा आणि झाकण लावा. बाटली दुकानातल्या न उघडलेल्या कोल्ड्रिंकइतकी कडक लागली की त्याच क्षणी फ्रिजमध्ये टाका. उन्हाळ्यात दर तीन-चार तासांनी दाबून बघायला घरी कुणी नसेल, तर त्या दिवशी बाटल्या भरूच नका. एवढा धीर नसणाऱ्याने लिंबू सोडा प्यावा. आणि फ्रिजमध्येही काम मंद चालूच राहतं, आठवड्याच्या आत संपवा.

आता पाणी. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन विरजण उठू देत नाही. ज्या गावांत आठ-दहा दिवसांनी पाणी येतं तिथे साठवलेल्या पाण्यातलं क्लोरीन आपोआप उडतं, पण टाकीत टीसीएल (पाणी शुद्ध करायची क्लोरीनची) पावडर टाकली असेल तर तेच पाणी पुन्हा निरुपयोगी. पंधरा मिनिटं उकळून गार करा, प्रश्न मिटतो.

आलं सोलू नका, यीस्ट सालीवरच असतं. बाजारातलं चकचकीत धुतलेलं आलं टाळा, मातीचं घ्या आणि घरी साध्या पाण्याने हलकेच धुवा.

आलं-साखरेचं पाणी उकळल्यावर कोमट असतानाच विरजण ओतायची घाई फार जण करतात. भांड्याला हात लावल्यावर ऊब अजिबात जाणवू नये. लिंबाचा रसही असा पूर्ण गार झाल्यावरच.

बरणीवर सुती कापड घट्ट बांधा आणि पिकत घातलेल्या केळीच्या फण्यांपासून ती लांब ठेवा. केळीवरची चिलटं व्हिनेगरचे जीवाणू घेऊन येतात. व्हिनेगरचा वास यायला लागला की तो घाणा पुन्हा गोड होत नाही. तांब्या-पितळेचं किंवा अॅल्युमिनियमचं भांडं नको. गूळ घालायचा तर हायड्रोस (रंग उजळवायचं रसायन) न घातलेला काळसर गूळ अर्धा आणि साखर अर्धी. बेकरीचं यीस्ट घालून काम उरकता येतं, पण चवीला पावाचा वास राहतो आणि दाब आणखी झपाट्याने चढतो. नवख्याने तो रस्ता घेऊ नये.

विरजणावर पातळ पांढरी साय आली तर काढून टाका, पुढे चालतं. हिरवी, काळी किंवा केसाळ बुरशी दिसली, पाणी तार धरायला लागलं, तर सगळं ओतून बरणी उकळत्या पाण्याने धुवा. चमच्याने वरचं काढून चालवून घेणं इथे नाही.

भरीत पार्टीच्या दिवसांत, म्हणजे हिवाळ्यात, उलटी तक्रार येते: विरजण उठतच नाही. धुळ्याकडे पहाटे पारा एक आकडी होतो, तिथे आठ-दहा दिवस लागू शकतात. बरणी बंद डब्यात ठेवून शेजारी कोमट पाण्याची बाटली ठेवा, रोज दोनदा बदला. जास्त साखर टाकून ते लवकर उठत नाही.

बाटली हाताला फारच कडक लागली आणि फुगून तळ बाहेर आला, तर थंड न करता तशीच उघडू नका. ओल्या जाड टॉवेलमध्ये गुंडाळून एक रात्र फ्रिजमध्ये ठेवा. मग मोरीत बादली घेऊन, तोंड स्वतःपासून लांब धरून, झाकण पाव फेरा सैल करा. फस्स झालं की परत आवळा, थांबा, पुन्हा सैल करा. असं पाच-सहा वेळा केलं की शांत होते. काचेची असेल तर टॉवेल काढूच नका, डोळ्यांवर चष्मा ठेवा आणि पोरांना बाहेर पाठवा.

उरलेलं विरजण फ्रिजमध्ये ठेवा, आठवड्याला एक चमचा आलं आणि एक चमचा साखर घाला, आणि पुढच्या खेपेच्या आदल्या दिवशी बाहेर काढा.