मांजर घरघरतंय? घाट चढण्याआधीची तयारी

मांजराचा श्वास घशात-नाकात अडतोय आणि डॉक्टरकडे न्यायचंय, तर सगळ्यात आधी मोबाइल. मांजर शांत बसलेलं असताना त्याच्या श्वासाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ आवाजासकट काढून ठेवा. तपासणीच्या टेबलावर घाबरलं की ते वेगळंच वागतं. नाकामागे अडलं असेल तर माणसासारखं घोरणं ऐकू येतं, स्वरयंत्राशी अडलं तर श्वास आत घेताना शिट्टी. झोपेत मिनिटाला 20 ते 30 श्वास ठीक. 40 च्या वर जात असतील, किंवा आकडा कमी असूनही प्रत्येक श्वासाला पोट ओढलं जात असेल, तर थांबू नका. गार स्टीलचा चमचा नाकाशी धरला की दोन्ही नाकपुड्यांची वाफ उमटते का, तेही कळतं. पण तोंड उघडं टाकून धापतंय, हिरड्या निळसर दिसतायत, तर व्हिडिओ-चमचा सगळं सोडा आणि निघा.

आपल्याकडे पहिला संशय माशाच्या काट्यावर. म्हणून जबडा फाकवून बोट घालू नका, भाताचा गोळा भरवू नका. बाम, कापूर जवळ नको. पॅरासिटामॉल तर मांजराला विषच.

फोनवर विचारायचं ते असं: ऑक्सिजन आहे का, भूल देऊन घसा बघता येईल का, श्वासासाठी घशातून आत घालायची नळी मांजराच्या मापाची आहे का, किती तास उपाशी ठेवू. जवळच्या गुरांच्या दवाखान्यात ही सोय नसेल तर रत्नागिरीहून आंबा घाटातून कोल्हापूर गाठावं लागतं. मे महिन्यात पहाटेच निघा. उकाड्याने धाप वाढते आणि धापेने घशातली सूज. पिशवीत, गोणपाटात कोंबू नका. वरून उघडणारी पेटी घ्या, आत त्याचंच रोजचं फडकं.

गंभीर मांजराला आधी ऑक्सिजन, शांत करणारं इंजेक्शन, सुजेवर स्टिरॉइड देतात, तपासणी नंतर. घशातून नळी जाईना तर श्वासासाठी मानेत छेद द्यावा लागतो. त्याची संमती द्यायची की नाही, हे घरीच बोलून ठेवा. तिथे उभं राहून सुचत नाही.

आमची मनी दीड वर्षाची. भूल दिल्यावर डॉक्टरांनी मऊ टाळू पुढे ओढली, तर मागे वाटाण्याएवढी गुळगुळीत गुलाबी गाठ. पॉलिप. तरुण मांजरांत तो मधल्या कानातून किंवा कान-घशाच्या नळीतून उगवतो, कर्करोग नसतो. चिमट्याने ओढून काढला. पुन्हा उगवू शकतो म्हणून काही दिवस स्टिरॉइड. म्हाताऱ्या मांजरात मात्र गाठीचा तुकडा प्रयोगशाळेत पाठवायला सांगाच.

परतताना पेटीत पाणी ठेवू नका. नीट गिळायला लागली की मऊ भातात बिनकाट्याचा मासा कुस्करून, थोडाथोडा.