आंबट बिअर घेताना डबा कसा निवडायचा

मालवण-वेंगुर्ल्याकडच्या बिअर शॉपीत नुसती ‘आंबट बिअर’ मागितली तर बहुधा काहीच हाती लागत नाही.

१. डब्यावर ‘साउर’ (म्हणजे आंबट), ‘गोझे’ किंवा ‘बर्लिनर वाइसे’ (हे दोन आंबट बिअरचेच प्रकार) लिहिलंय का बघा. पहिल्यांदा पिणार असाल तर गोझेच घ्या. तिच्यात मीठ आणि धणे असतात, अल्कोहोल साधारण ४ ते ५ टक्के. तळलेल्या बांगड्यासोबत दुसरी कुठलीच बिअर मला इतकी आवडत नाही.

२. भरल्याची तारीख वाचा. फळं घातलेली असेल तर ताजीच हवी.

३. फ्रिजमधला डबा मागा, उन्हातल्या फळीवरचा नको.

गोव्यात प्रकार जास्त मिळतात, पण तिथली बाटली परवान्याशिवाय बांद्याच्या नाक्यावरून इकडे आणू नका. तो गुन्हा आहे.