टीचरचा फॉर्म नर्सला लावू नका! शाळेतल्या नॉन-टीचिंग स्टाफचं अप्रेझल कसं करायचं

अप्रेझलचे दिवस आले की ऑफिसात एकच फॉर्म सापडतो, शिक्षकांचा, मग तोच झेरॉक्स काढून कौन्सिलर (समुपदेशक), नर्स, लायब्रेरियन, स्पीच थेरपिस्ट सगळ्यांना वाटतात आणि 'फळ्याचा वापर' या रकान्यात नर्सबद्दल काय लिहायचं यावर थोडं हसून झालं की सगळ्यांना 'समाधानकारक' शेरा मारून मोकळे. बाकीच्यांचं जाऊ दे, ज्याने वर्षभर खरंच राबून काम केलं त्याला काय वाटत असेल?

फॉर्म नंतर, आधी हा माणूस दिवसभर नक्की करतो काय ते बघा. नेमणुकीच्या ऑर्डरमध्ये लिहिलेलं नव्हे, प्रत्यक्षात करतो ते. दोन आठवडे त्यांनाच रोज लिहू द्या, कुठल्या कामात किती वेळ गेला. बऱ्याचदा कळतं की कौन्सिलरचा अर्धा दिवस ऑफ तासाला वर्ग सांभाळण्यात आणि फायली लावण्यात गेलाय, आणि ती कामं बहुतेक आपणच त्यांच्या गळ्यात मारलेली असतात. अमेरिकेतल्या स्कूल कौन्सिलरांच्या संघटनेची शिफारस 250 मुलांमागे 1 कौन्सिलर अशी आहे, आणि वेळेपैकी 80 टक्के वेळ मुलांसाठीच, म्हणजे मुलांशी किंवा त्यांच्यासाठी पालक-शिक्षकांशी बोलण्यात जावा. तुमच्याकडे हजार मुलांमागे एक असेल तर कमी मार्क कोणाला द्यायचे ते तुम्हीच ठरवा.

मग वर्षाच्या सुरुवातीलाच दोघांनी बसून तीन-चार गोष्टी पक्क्या करायच्या, की या वर्षी आपण हे बघणार. शेवटी अचानक निकष काढायचे नाहीत.

आता पुरावा कुठून आणायचा, खरी गोची इथे आहे. कौन्सिलरच्या खोलीत तुम्ही निरीक्षणाला जाऊन बसू शकत नाही, मूल तोंडच उघडणार नाही आणि गोपनीयता गेली ती गेलीच. पण वर्गात घेतलेलं सेशन बघता येतं, शिक्षकाने मूल पाठवल्यापासून पहिली भेट किती दिवसांत झाली ते बघता येतं, नंतर पाठपुरावा झाला का ते बघता येतं, किती मुलं आपणहून आली हेही (माझ्या मते हा सगळ्यात बोलका आकडा). नाव-गाव काढून एखाद्या केसवर चर्चा करा, आणि ती त्याच क्षेत्रातल्या अनुभवी माणसाने केली तर उत्तम, कारण खरं सांगायचं तर त्यातलं बरंवाईट प्रिन्सिपलला कळत नाही.

नर्सच्या बाबतीत सरळ औषधांचं कपाट उघडा. एक्स्पायरी डेट, औषध दिल्याच्या नोंदी, दमा, ॲलर्जी किंवा फिट येणाऱ्या प्रत्येक मुलाचा लेखी इमर्जन्सी प्लॅन, आणि तो क्लास टीचरला माहीत आहे का. सिक रूममध्ये येणारी मुलं कमी झाली म्हणून लगेच खूश होऊ नका, मुलं खरंच बरी आहेत की नर्सला घाबरतात ते आधी बघा.

आकडे असेच फसवतात. मी एका लायब्रेरियनला 'एकही पुस्तक गहाळ नाही' म्हणून भरभरून मार्क दिले होते, नंतर कळलं कपाटाला वर्षभर कुलूपच होतं. तेव्हापासून मी पुस्तकं किती फाटली तेही कौतुकाने बघतो. शिवाय शिक्षकांबरोबर मिळून किती प्रोजेक्ट केले, जुनी निरुपयोगी पुस्तकं काढून टाकली का, हे विचारा.

स्पीच थेरपिस्टकडे मूल आलं तेव्हा कुठे होतं आणि आता कुठे आहे एवढंच बघायचं, दुसऱ्या मुलाशी तुलना नको. आणि मुलांचे परीक्षेचे मार्क यापैकी कोणाच्याच अप्रेझलला जोडू नका प्लीज.

शिक्षक-पालकांना विचारायचं तर 'मॅडम कशा आहेत' असं नको, सगळे 'छान' म्हणतात. 'मूल पाठवल्यावर पुढे काय झालं ते तुम्हाला कळवलं का' असं विचारा.

अमेरिकेत 1988 मध्ये शिक्षणक्षेत्रातल्या कर्मचाऱ्यांच्या मूल्यमापनासाठी मानकं आली, त्यात चार कसोट्या आहेत, न्याय्य, उपयोगी, जमण्यासारखं आणि अचूक. तुमचा फॉर्म त्यावर घासून बघा. चाळीस रकान्यांचे फॉर्म बहुतेक 'जमण्यासारखं'वरच आपटतात.

शेवटच्या मीटिंगमध्ये नवीन तक्रार काढायची नाही, ती वर्षाच्या मध्येच सांगायची. प्रत्येक शेऱ्याला एक प्रसंग जोडा. 'को-ऑर्डिनेशन कमी' म्हणजे काय, कधी, कोणाशी? सुधारणा हवी असेल तर काय, कधीपर्यंत, आणि शाळा त्यासाठी काय मदत देणार हे तिन्ही लिहा. सही म्हणजे रिपोर्ट मिळाला, पटला असं नाही, हे फॉर्मवरच छापा आणि खाली त्यांना आपलं म्हणणं लिहायला अर्धं पान तरी कोरं सोडा.