अणुकेंद्रकाच्या आकाराचं गणित करताना या चुका टाळा

सगळ्यात जास्त फसवतो तो अक्षीय सममिती (केंद्रक एका अक्षाभोवती सगळीकडून सारखं) गृहीत धरून काढलेला, आकारानुसार ऊर्जा कशी बदलते त्याचा आलेख. बीटा म्हणजे केंद्रक गोलापासून किती ढळलं त्याचं माप. त्याच्या धन (लांबट) बाजूला एक दरी, म्हणजे ऊर्जेचा तळ, दिसते, ऋण (चपट्या) बाजूला दुसरी, आणि आपण लिहून मोकळे होतो: लांबट आणि चपटा, दोन्ही आकार एकत्र नांदतात. गॅमा, म्हणजे ही सममिती किती मोडली ते सांगणारा कोन, मोकळा सोडून पाहा. बऱ्याचदा चपट्या बाजूची ती दरी नसतेच, खिंड असते. बीटाच्या दिशेने तळ, गॅमाच्या दिशेने सरळ उतार. म्हणून बीटा-गॅमाचा पूर्ण नकाशा काढल्याशिवाय दोन आकारांचा दावा करू नका. संगणकाचा वेळ बराच जातो, जाऊ द्या.

दुसरी चूक सुरुवातीच्या बिंदूची. झिर्कोनियम-९८ मध्ये पहिली २+ पातळी (कोनीय संवेग २, धन समता) १२२३ केव्हीवर (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट) आहे, झिर्कोनियम-१०० मध्ये थेट २१३ वर; ती इतकी खाली येणं ही आकार बदलल्याची खूण. दोनच न्यूट्रॉन वाढले आणि केंद्रक गोलाचं लांबट झालं. अशा ठिकाणी ९८ चं उत्तर १०० साठी सुरुवात म्हणून दिलंत, तर गणित गोल दरीतच अडकून बसू शकतं. प्रत्येक समस्थानिकासाठी गोल, लांबट, चपटी अशा वेगवेगळ्या सुरुवाती द्या.

तरीही दोन दऱ्यांमध्ये काहीशे केव्हीचाच फरक निघाला तर? मग खोल दरी म्हणजेच मूळ अवस्था असं म्हणू नका; सरासरी क्षेत्राच्या प्रारूपाची (प्रत्येक कण बाकीच्यांच्या सरासरी प्रभावात फिरतो असं धरणाऱ्या) स्वतःची चूक त्याहून मोठी असू शकते. पाऱ्यात हेच घडतं. १८१, १८३, १८५ हे विषम समस्थानिक चांगलेच लांबट आहेत, तर त्यांचे सम शेजारी किंचित चपटे. इथे आकारांचं मिश्रण हिशेबात घ्यावंच लागतं.

तळाची खोली पाहता, तशी रुंदीही पाहा. समॅरियममध्ये ४+ आणि २+ पातळ्यांच्या ऊर्जांचं गुणोत्तर १५० साठी २.३, १५२ साठी ३.०, १५४ साठी ३.२५ आहे. कंप पावणाऱ्या गोलासाठी ते २ असतं, पक्क्या भोवऱ्यासाठी, म्हणजे आकार न बदलता फिरणाऱ्या लांबट केंद्रकासाठी, ३.३३. मधलं १५२ समजून घ्यायचं तर एका किमान बिंदूने भागत नाही. भौतिकशास्त्रज्ञ इयाकेल्लो यांनी २००१ मध्ये अशा संक्रमणबिंदूसाठी बीटाच्या दिशेने सपाट तळाची विहीर धरली, तेव्हा गुणोत्तर २.९ च्या आसपास आलं.

प्रयोगाशी तुलना करताना चिन्ह सांभाळा. लांबट केंद्रकाच्या २+ अवस्थेचा मोजलेला चतुर्ध्रुव (विद्युतभाराची मांडणी गोलापासून किती ढळली त्याचं माप) ऋण येतो, आंतरिक, म्हणजे केंद्रकाच्या स्वतःच्या अक्षांवरून पाहिलेल्या, चतुर्ध्रुवाच्या उणे दोन सप्तमांश. आणि बी-ई-२ वरून, म्हणजे मूळ अवस्था आणि २+ यांच्यातल्या विद्युत-चतुर्ध्रुव संक्रमणाच्या तीव्रतेवरून, बीटाचं फक्त मान कळतं, चिन्ह नाही.