चोराच्या भीतीने बंदूक घेताय? आधी हे बघा

आमच्या रत्नागिरीकडे वाडीत घरं लांब लांब, रात्री कुत्रं भुंकलं की कोणीतरी म्हणतंच, बंदूक घेऊया. थांबा जरा. परवाना लागतो, वय 21 पूर्ण हवं, आणि शेती संरक्षणाचा परवाना वांदर-डुकरांसाठी असतो, माणसांसाठी नाही हां. अमेरिकेत 1993 साली केलरमन नावाच्या संशोधकांचा अभ्यास आला त्यात बंदूक असलेल्या घरात खुनाचा धोका साधारण 2.7 पट निघाला, मारणारे बहुतेक घरचे नायतर ओळखीचे (वादही झाले त्यावर). तरी घेतलीच तर काडतुसं वेगळ्या कपाटात लॉक करा, पोरांना चावी कुठे ते कळता नये. त्यापेक्षा पडवीला लाईट लावा, मागच्या दाराची कडी बदला, 112 सेव्ह करा.