सिंगापूरला येताना बॅग भरण्याआधी

सिंगापूरला येऊन मला चौदा वर्षं झाली. ओळखीतली नवी कुटुंबं आली की पहिल्या आठवड्यात जेवायला आमच्याकडे येतात आणि हवेचा विषय निघाला की हमखास म्हणतात, "उकाड्याचं काही नाही हो, आम्हाला सवय आहे." नागपूरकरांना उन्हाची सवय असते, मुंबईकरांना घामाची. पण मुंबईतही पावसाळा संपतो, हवा कोरडी होते, कपाटातले कपडे बाहेर काढून त्यांना ऊन दाखवता येतं. इथे तसा महिनाच येत नाही. विषुववृत्त इथून जेमतेम 137 किलोमीटरवर. दिवसा 31-32 अंश, रात्री 24-25, बारा महिने तेच. पहाटे हवेतली आर्द्रता 90 टक्क्यांच्या वर असते, भर दुपारी उतरून साठाच्या आसपास येते आणि संध्याकाळी पुन्हा चढते. माणूस महिन्याभरात सरावतो. सामान सरावत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

माझी चूक आधी सांगते, कारण ती भरून निघाली नाही. आईने लग्नात नेसलेली मोरपंखी पैठणी मी येताना घेऊन आले. प्लॅस्टिकच्या चेनवाल्या कव्हरात घातली, चार डांबराच्या गोळ्या टाकल्या आणि सूटकेससकट बॉम्ब शेल्टरमध्ये ठेवून दिली. इथल्या बऱ्याच सरकारी फ्लॅटमध्ये जाड काँक्रीटच्या भिंतींची आणि लोखंडी दाराची अशी एक खोली असते आणि सगळे तिचा अडगळीची खोली म्हणून वापर करतात. तिला खिडकी नसते, दार लावलं की वारा बंद. आठ महिन्यांनी दिवाळीला सूटकेस उघडली तेव्हा आधी ओल्या पोत्यासारखा वास आला. साडीच्या प्रत्येक घडीवर पांढरट ठिपक्यांची रांग होती, पदराची जर काळवंडली होती आणि एक घडी उलगडताना रेशीम माझ्या हातातच विरलं. ड्रायक्लीनिंगवाल्याने ठिपके फिके केले, पण ते गेले नाहीत.

तेव्हा कृपा करून ऐका. डांबराच्या गोळ्यांनी कसर मरते, बुरशी थांबत नाही. प्लॅस्टिकच्या कव्हरात ओल कोंडली जाते. रेशमी साड्या, शेरवानी, जरीचे ब्लाउज शक्यतो आणूच नका. आणायच्याच तर दोन साड्या आणा, बाकीच्या माहेरी-सासरी ठेवा, सुट्टीला गेलात की नेसा. ज्या आणाल त्या जुन्या मऊ सुती कापडात गुंडाळून, ज्या खोलीत रोज एसी लागतो तिथल्या कपाटात वरच्या फळीवर ठेवा. दर महिन्याला काढून घडी बदला. कपाटात ओल शोषणारे प्लॅस्टिकचे डबे ठेवा. इथे प्रत्येक सुपरमार्केटमध्ये हिप्पोचं चित्र असलेले मिळतात. वरचे पांढरे खडे विरघळून खाली पाणी साठतं. पहिला डबा तीन आठवड्यांत भरलेला पाहिलात की मी काय सांगते आहे ते पटेल. ते पाणी कपड्यांवर सांडू देऊ नका. बॉम्ब शेल्टरमध्ये पाहिजे तर बादल्या ठेवा, पण साडी ठेवू नका. चामड्याचे बूट, पट्टे, पर्स आणि कॅमेऱ्याची लेन्स यांचीही हीच गत होते.

कपडे सुती आणि सैल आणा. जीन्स एक पुरे, ती वाळायला दोन दिवस लागतात. ऑफिस, मॉल, एमआरटीत (इथल्या मेट्रोत) एसी इतका कडक असतो की घामेजलेल्या अंगाने आत शिरलं की हुडहुडी भरते. पातळ स्वेटर किंवा स्टोल रोज बरोबर हवाच. आपले लोक डिसेंबरात येणाऱ्या आईवडिलांना जाड स्वेटर आणायला सांगतात, त्याची गरज नाही. डिसेंबर-जानेवारीत सलग दोन-तीन दिवस झड लागली तर पारा 22-23 पर्यंत उतरतो, बस, एवढीच इथली थंडी.

मुंबईत चार महिन्यांत पडतो जवळजवळ तेवढा पाऊस इथे वर्षभर वाटून पडतो. रेनकोट नको, आत घामाने भिजायला होतं. घडीची छत्री ठेवा, इथली माणसं ती उन्हातही उघडतात आणि ते शहाणपणाचं आहे. एप्रिल ते नोव्हेंबरात कधी कधी पहाटे सुमात्राकडून वादळी पाऊस येतो, तेव्हा रात्रीचे वाळत घातलेले कपडे गेलेच म्हणून समजा. विजा मात्र हलक्यात घेऊ नका. गडगडाट ऐकू आला की मुलांना मैदानातून आणि पोहण्याच्या तलावातून लगेच बाहेर काढा. कुंडीखालच्या बशीत पाणी साचू देऊ नका, डेंग्यू इथेही आहे आणि घरात अळ्या सापडल्या तर दंड होतो.

खाण्याच्या बाबतीत आपल्या माणसांशी माझं पटत नाही. वर्षाचा गोडा मसाला, पाच किलो दाण्याचा कूट आणि दोन डबे चिवडा घेऊन येतात. कूट खवट होतो, चिवडा डबा उघडल्यावर तासाभरात सादळतो. लिटल इंडियात, म्हणजे इथल्या भारतीय दुकानांच्या भागात, डाळी, पोहे, साबुदाणा सगळं मिळतं. मसाला तीन महिन्यांचा आणा आणि फ्रीजमध्ये ठेवा. एक गोष्ट मात्र अजिबात आणू नका: खसखस. इथे ती अमली पदार्थांच्या कायद्यात अडकते. अनारसे, करंज्या, बाळंतिणीचे लाडू यांत ती असते, म्हणून फराळ पाठवणाऱ्या सासूबाईंना आणि आईला आधीच फोन करून सांगा. तंबाखू, गुटखा, च्युइंग गमही नाही. खोकल्याचं कोडीनवालं औषध किंवा झोपेच्या गोळ्या असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी परवानगी आधी घ्यावी लागू शकते.

प्लग तीन चौकोनी पिनांचे, दोन अडॅप्टर पुरतात.

आणि पहिल्या रात्री, कितीही दमलेले असलात तरी, बॅगा भरलेल्या ठेवून झोपू नका. सगळं बाहेर काढा, पंख्याखाली पसरा आणि सूटकेस उघड्या ठेवून दोन दिवसांनी बंद करा.